जॉश गिब्सन : कार्डावर न छापलेला खेळाडू

अमेरिकेत बेसबॉलची जुनी कार्डं जमवणाऱ्यांचं वेड मोठं आहे. आधी सिगारेटच्या पाकिटातून, मग च्युइंगगमसोबत खेळाडूंची चित्रं यायची. पिट्सबर्गच्या होनस वॅगनरचं शंभर वर्षांपूर्वीचं असं एक कार्ड २०२२ मध्ये साडेबहात्तर लाख डॉलरला विकलं गेलं. त्याच शहरात पुढे जॉश गिब्सन खेळला. तो कृष्णवर्णीय होता. तो जिवंत असताना अमेरिकेतल्या या कंपन्यांनी त्याचं कार्ड काढलं नाही. प्वेर्तो रिकोत निघालं, तेही मरणानंतर.

गिब्सनचा जन्म १९११ चा, जॉर्जियातला. वडिलांना पोलाद कारखान्यात काम मिळालं आणि कुटुंब पिट्सबर्गला आलं. गाव सोडून मुंबईच्या गिरण्यांत शिरलेली आपली पिढी आठवावी, असंच हे स्थलांतर. १९३० मध्ये तो होमस्टेड ग्रेज संघात आला. त्याच वर्षी पत्नी हेलन जुळ्यांच्या बाळंतपणात गेली.

मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना बंदी होती. लेखी नियम नव्हता, गोऱ्या मालकांची समजूत होती. (अलिखित नियम किती पक्का असतो, हे आम्ही कुणाला सांगावं?) म्हणून गिब्सन वेगळ्या 'नीग्रो लीग'मध्ये खेळला, हिवाळ्यात प्वेर्तो रिकोला गेला. ग्रेज संघ अनेकदा गोऱ्या पायरेट्सच्याच मैदानावर उतरायचा. म्हणजे मैदान चालायचं, तिकिटाचे पैसे चालायचे, खेळाडू मात्र चालत नव्हते.

१९४३ मध्ये मेंदूत गाठ निघाली. दारू वाढली. २० जानेवारी १९४७ ला, पस्तिसाव्या वर्षी तो गेला. तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगमध्ये उतरला. गिब्सन दुःखाने खचून मेला, असं हळवेपणाने सांगितलं जातं. आम्हाला ते पटत नाही; त्यात बंदी घालणारे मालक अलगद सुटतात.

१९७२ मध्ये त्याला हॉल ऑफ फेमचा मान मिळाला, तेव्हाही त्याच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता. तो १९७५ मध्ये बसला. २०२४ मध्ये मेजर लीगने नीग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदीत घेतले आणि .३७२ च्या सरासरीने गिब्सन टाय कॉबच्या पुढे गेला.

हे आकडे आले कुठून? मुख्यतः जुन्या वर्तमानपत्रांतून. 'पिट्सबर्ग कुरियर'सारखी कृष्णवर्णीयांची स्वतःची पत्रं या सामन्यांचे धावफलक छापत होती. संशोधकांनी ते एकेक करून जुळवले. बरेच सामने अजून सापडलेले नाहीत, शोध चालू आहे.