रामकिंकर बैज : लाल मातीचा शिल्पकार

आधुनिक भारतीय शिल्पकलेचा पाया घालणाऱ्यांत रामकिंकर बैज यांचे नाव पहिल्या रांगेत आहे. त्यांचा जन्म १९०६ साली बंगालमधील बांकुरा येथे झाला. घराण्याचा परंपरागत व्यवसाय न्हाव्याचा, घरची परिस्थिती गरिबीची. आसपासचे मूर्तिकार मातीला आकार कसा देतात, हे पाहत पाहत हा मुलगा शिकला. असहकार चळवळीत त्याने स्वातंत्र्यसैनिकांची चित्रे रंगवली. ‘मॉडर्न रिव्ह्यू’चे संपादक रामानंद चटर्जी यांनी त्याच्यातला कलावंत ओळखला आणि १९२५ साली त्याला शांतिनिकेतनला आणले. तिथे नंदलाल बोस हे गुरू लाभले. पुढे भारतीय संविधानाच्या मूळ प्रतीची पाने ज्यांच्या मार्गदर्शनाखाली सजली, तेच हे नंदलाल बोस.

शांतिनिकेतनच्या भोवती लाल माती, साल आणि ताडाची झाडे, कोपाई नदी आणि संथाळ आदिवासींच्या वाड्या. रामकिंकर यांची खरी शाळा हीच. ब्राँझ परवडणारे नव्हते, म्हणून त्यांनी पायाखालचीच वस्तू उचलली. आपल्या कोकणात जसा जांभा दगड असतो, तशा दगडाची खडी सिमेंटमध्ये कालवून ती लोखंडी सांगाड्यावर थापत त्यांनी मोठमोठी शिल्पे उघड्यावर उभी केली. ऊन, वारा, पाऊस झेलत ती तिथेच राहिली. त्यांना संग्रहालयाचे दार लागले नाही आणि पाहणाऱ्याला तिकीट लागले नाही.

१९३५ साली निलगिरीच्या उंच झाडांमध्ये त्यांनी एक सडपातळ, झाडासारखीच सरळ उभी स्त्री घडवली. नंदलाल बोस यांच्या सूचनेवरून तिच्या डोक्यावर पात्र आले आणि ती सुजाता झाली. तपाने कृश झालेल्या सिद्धार्थ गौतमाला खीर देणारी उरुवेलेची सुजाता! बुद्धचरित्रातला हा प्रसंग आपण नेहमी ऐकतो. रामकिंकर यांनी तो राजवाड्याच्या थाटात न दाखवता रानातून चालत निघालेल्या साध्या बाईच्या रूपात दाखवला. हे शिल्प पाहून रवींद्रनाथ टागोरांनी सारा परिसर शिल्पांनी भरून टाकायला सांगितले, असे म्हणतात.

१९३८ साली ‘संथाळ कुटुंब’ उभे राहिले. संसार उचलून निघालेले नवरा-बायको, मूल आणि सोबत कुत्रा. त्या काळी भव्य पुतळे राजांचे आणि साहेबांचे होत. इथे तो मान पोटासाठी गाव सोडणाऱ्या आदिवासी मजुरांना मिळाला. १९५६ च्या ‘मिल कॉल’मध्ये भोंगा ऐकून गिरणीकडे धावणाऱ्या संथाळ बायका आहेत. त्यांचे कपडे वाऱ्यावर उडत आहेत. निसर्ग आणि श्रम त्यांच्या कलेत कधीच वेगळे झाले नाहीत.

दिल्लीच्या रिझर्व्ह बँकेपुढील यक्ष-यक्षीही त्यांचेच. १९७० साली पद्मभूषण मिळाले, पण राहणी तशीच राहिली. पावसात गळणारे छप्पर झाकायला ते स्वतःची तैलचित्रे वापरत. २ ऑगस्ट १९८० रोजी त्यांचे निधन झाले.

आज आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले चित्रे काढतात, जयंतीचे देखावे उभारतात, भिंती रंगवतात. महागडे रंग आणि मोठे कॉलेज नाही म्हणून त्यांनी हात आखडता घेऊ नये. आपली माती, आपली झाडे आणि त्यांच्या सावलीत राबणारी आपली माणसे हा कलेचा पहिल्या दर्जाचा विषय आहे, हे रामकिंकर यांनी जांभ्याच्या खडीतून सिद्ध केले आहे.