बिनभिंतीच्या तुरुंगाची गोष्ट

गदिमा आपल्या शेजारचे होते, हे आमच्या कॉलेजातल्या मुलांना आता सांगावे लागते. ‘गीतरामायण’ सगळ्यांना ठाऊक असते. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा त्यांची, हे फार थोड्यांना.

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९चा, शेटफळ्याचा. मूळ गाव माडगूळ, आटपाडी तालुक्यातले. वडील औंध संस्थानात कारकून. शाळा आटपाडीत, काही काळ पलूसशेजारच्या कुंडलला, मग औंधला. कुंडल, किर्लोस्करवाडी हा मुलूख तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींचाच. गणिताने मॅट्रिकला अडवले आणि पोरगा कोल्हापूरच्या स्टुडिओंकडे वळला. १९३८च्या ‘ब्रह्मचारी’त किरकोळ भूमिका, वि. स. खांडेकरांकडे लेखनिकाचे काम, पुढे गाणी आणि पटकथा.

त्याच सुमारास औंधात एक अजब प्रयोग सुरू झाला. मॉरिस फ्रिडमन नावाचा पोलंडचा ज्यू अभियंता गांधीजींच्या सहवासात आला होता. त्याच्या पुढाकाराने आणि राजाच्या पाठिंब्याने १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले: कैद्यांची वसाहत, भिंत नाही, बेडी नाही, कसायला जमीन. गदिमांच्या माणदेशातलाच हा माळ.

मधे १९४८ आले. गांधीहत्येनंतर या भागात ब्राह्मणांची घरे जळाली. धाकटे बंधू व्यंकटेश यांची ‘वावटळ’ त्याच दिवसांची. आणि नऊ वर्षांनी थोरल्या भावाची जी कथा पडद्यावर आली, तीत एक जेलर सहा खुन्यांना तुरुंगाबाहेर काढतो आणि ओसाड जमिनीवर त्यांच्या भरवशावर राहतो. हे लिहायला काय लागले असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

दिग्दर्शक व्ही. शांतारामच जेलर झाले, खेळणी विकणारी संध्या, कैद्यांत उल्हास. बैलाशी झुंजीचे दृश्य घेताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. पुढे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले, १९५८ला बर्लिनचे रौप्य अस्वलही. भरत व्यासांची प्रार्थना, वसंत देसाईंची चाल आणि लताबाईंचा आवाज मात्र पारितोषिकांपेक्षा लांब पोचला. पहिलीच हाक ‘मालिक’. शब्द अरबी, पण शाळेच्या पटांगणात हात जोडून उभ्या असलेल्या पोरांना तो कधी परका वाटला नाही. आमच्या घरीही नमाजानंतर दुआ मागताना आजी हाच शब्द वापरायची.

रमजानात हा चित्रपट मला हमखास आठवतो. दुपारी तीनच्या तासाला घसा कोरडा पडतो. स्टाफरूममध्ये माठ असतो, पाहणारे कोणी नसते, तरी हात तिकडे जात नाही. त्यामुळे पळून जाऊनही परत येणाऱ्या त्या कैद्यांचे मला फारसे नवल वाटत नाही. नवल वाटते ते दार उघडे ठेवून निजणाऱ्या जेलरचे.

गदिमा १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात गेले. स्वतंत्रपूर अजून आहे. कैदी तिथे बायकामुलांसह राहतात आणि सकाळी शेताला पाणी द्यायला जातात.