सेकंडहँड पीसी चालूच होत नाही? आधी जॉर्ज ओहम यांची ही गोष्ट वाचा

पैसे साठवून सेकंडहँड डेस्कटॉप घरी आणला, सगळ्या वायरी जोडल्या, पॉवर बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंखा फिरत नाही, लाइट लागत नाही, साधा बीपही नाही. अशा वेळी पोटात गोळा येतो आणि पहिला विचार येतो तो मदरबोर्ड गेल्याचा. मग कोणी रॅम उपसतं, कोणी प्रोसेसर हलवून बघतं आणि जे धड होतं तेही बिघडतं.

जरा थांबा. दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरचा मल्टीमीटर आठवा. त्याच्या गोल खटक्याजवळ घोड्याच्या नालेसारखं एक चिन्ह असतं. ते ओमेगा नावाचं ग्रीक अक्षर आहे आणि ते ओहम या एककासाठी वापरतात. हे एकक ज्यांच्या नावाचं आहे, त्या जॉर्ज ओहम यांचा पहिला मोठा प्रयोगही असाच अडला होता. दोष वायरीत नव्हता, वीज देणाऱ्या सोर्समध्ये होता. म्हणूनच त्यांची गोष्ट बंद पीसीसमोर बसलेल्या माणसाच्या फार कामाची आहे.

कुलपं बनवणाऱ्याचा मुलगा

जॉर्ज सायमन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतल्या एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपं बनवायचे. त्यांचं शाळेतलं शिक्षण बेताचंच, पण स्वतः वाचून ते बरंच गणित आणि विज्ञान शिकले होते आणि तेच मुलांना घरी शिकवत. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली. सात भावंडांपैकी तीनच जगली. त्यातला धाकटा भाऊ मार्टिन पुढे नावाजलेला गणिती झाला.

१८०५ मध्ये जॉर्ज गावातल्याच विद्यापीठात दाखल झाला. पण अभ्यास बाजूला राहिला आणि नाच, बिलियर्ड्स, बर्फावरचं स्केटिंग यातच वेळ जाऊ लागला. वडील भडकले. त्यांनी कॉलेज सोडायला लावलं आणि पोरगा स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणित शिकवायला गेला. तिथे नोकरी करता करता त्याने स्वतःच अभ्यास केला आणि १८११ मध्ये एर्लांगेनला परत येऊन डॉक्टरेट मिळवली.

पुढची काही वर्षं कमी पगाराच्या मास्तरकीत गेली. १८१७ मध्ये कोलोनच्या एका शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायची नोकरी लागली. तिथे चांगली प्रयोगशाळा होती. वडिलांच्या हाताखाली धातूकाम शिकलेले ओहम आपली उपकरणं स्वतःच बनवू लागले.

सप्लायनेच दगा दिला

तेव्हा वीज ही नवी गोष्ट होती. व्होल्टा यांची बॅटरी १८०० मध्ये आली होती. वायरीतून करंट गेला की जवळची चुंबकसुई हलते, हे १८२० मध्ये ओर्स्टेड यांनी दाखवलं होतं. ओहम यांचा प्रश्न साधा होता. वायर लांब केली की करंट किती कमी होतो?

त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या वायरी घेतल्या, बॅटरीला जोडल्या आणि सुई किती हलते ते मोजलं. १८२५ मध्ये निष्कर्ष छापलाही. पण त्यातलं सूत्र चुकीचं होतं.

चूक मोजण्यात नव्हती. त्या काळच्या बॅटरीत धातूच्या पट्ट्यांवर वायूचे बुडबुडे जमायचे आणि करंट हळूहळू पडायचा. म्हणजे ओहम एक वायर काढून दुसरी लावेपर्यंत बॅटरीच बदललेली असायची. फरक वायरीमुळे पडला की बॅटरीमुळे, हे कळणार कसं?

आपल्या बंद पीसीचंही असंच होतं. सोर्स ठीक आहे असं आपण धरून चालतो आणि पुढचे पार्ट तपासत बसतो.

सोर्स बदलला, उत्तर सापडलं

पोगेनडॉर्फ नावाच्या शास्त्रज्ञाने ओहम यांना सुचवलं की बॅटरी सोडा आणि उष्णतेवर चालणारा सोर्स वापरा. दोन वेगळ्या धातूंचे सांधे एकीकडे गरम आणि दुसरीकडे थंड ठेवले की वीज तयार होते, हे झेबेक यांनी काही वर्षांपूर्वीच शोधलं होतं. ओहम यांनी तांबं आणि बिस्मथ जोडलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. वीज अगदी थोडी, पण पाणी उकळतंय आणि बर्फ टिकून आहे तोवर स्थिर.

मग त्यांनी सारख्या जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या आठ तारा एकेक करून लावल्या. बाकी काहीही हलवलं नाही. या वेळी आकडे नीट बसले. तारेची लांबी वाढली की करंट ठरलेल्या हिशेबाने कमी होत होता. त्या हिशेबात फक्त समोरची तार नव्हती, सर्किटमधला उरलेला सगळा अडथळाही धरलेला होता. हे झालं १८२६ मध्ये. शाळेत आपण शिकतो तो ओहमचा नियम यातूनच आला.

पुस्तक आलं, नोकरी गेली

ओहम यांना आता विद्यापीठात प्राध्यापक व्हायचं होतं. शाळेतून अर्ध्या पगाराची रजा घेऊन ते बर्लिनला भावाकडे गेले आणि १८२७ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. पण विजेचा अभ्यास इतक्या गणिताने करायचा असतो, हेच तिथल्या अनेकांना मान्य नव्हतं. कडक टीका झाली. हवी ती जागा मिळाली नाही. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरीही सोडली आणि पुढची काही वर्षं बर्लिनमध्ये मिळेल ते शिकवून काढली.

१८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत नोकरी मिळाली. खरी दाद मात्र बाहेरच्या देशातून आली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोपली पदक दिलं. म्युनिकच्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचं प्राध्यापकपद मिळालं ते १८५२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी. दोनच वर्षांनी, ६ जुलै १८५४ रोजी, ते गेले. पुढे १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रोधाच्या एककाला ओहम हे नाव अधिकृतपणे दिलं गेलं.

आता तुमच्या पीसीकडे वळू

ओहम यांच्या प्रयोगातून दोन गोष्टी घ्या. आधी सोर्सवर संशय घ्या आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. क्रम असा ठेवा:

१. सॉकेट: त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. फोन चार्ज होत नसेल तर पीसीला दोष देऊ नका. एक्स्टेंशन बोर्ड वापरत असाल तर तो काढून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा.

२. केबल: मॉनिटरची पॉवर केबल बऱ्याचदा सीपीयूच्या केबलसारखीच असते. पिन जुळत असेल तर ती लावून बघा. मल्टीमीटर असेल तर केबल दोन्ही बाजूंनी काढा आणि बझर मोडवर तपासा. रोध मोजताना मीटर स्वतःचा ठरलेला करंट सोडतो, म्हणून वीज चालू असलेल्या वस्तूवर हा मोड कधीही वापरू नका.

३. मागचा स्विच: एसएमपीएसवर मागे छोटा स्विच असतो, तो ऑन आहे ना? जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा लाल खटका असेल तर तो आपल्याकडे २३० वरच हवा.

४. पुढचं बटण: जुन्या कॅबिनेटचं बटण खराब होणं ही नेहमीची गोष्ट. मदरबोर्डवर त्या बटणाची वायर ज्या दोन पिनांवर बसते, ती वायर काढा आणि त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर दोष फक्त बटणाचा.

५. एसएमपीएस: २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये जांभळी आणि काळी वायर असते. पीसी बंद असला, पण मेन स्विच चालू असला तरी त्यांच्यात साधारण ५ व्होल्ट डीसी दिसायला हवेत. काही ब्रँडेड मशीनची जोडणी वेगळी असते, तिथे हे करू नका.

इथे एक मेख आहे. रिकामा असताना बरोबर व्होल्टेज दाखवणारा जुना एसएमपीएस लोड येताच ढेपाळू शकतो, अगदी ओहम यांच्या बॅटरीसारखा. म्हणून शेवटची परीक्षा एकच: मित्राकडचा चालू असलेला, तेवढ्याच ताकदीचा एसएमपीएस लावून बघा. बदलताना मेन केबल काढलेली हवी. पीसी सुरू झाला तर मदरबोर्ड धड आहे आणि तुमचे पैसे वाचले. तरीही मशीन मेलेलंच असेल, तर आता मदरबोर्डवर संशय घ्यायला हरकत नाही.

एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज उरलेली असू शकते.

ओहम यांनी एक वर्ष चुकीच्या सोर्सवर घालवलं आणि मग तोच बदलला. तुम्हाला दहा मिनिटं पुरतील. दुकानात जाऊन नव्या मदरबोर्डचे पैसे मोजण्याआधी तेवढी नक्की द्या.