व्हिक एडेलब्रॉक (थोरले)

ओटिस व्हिक्टर एडेलब्रॉक (इ.स. १९१३ – इ.स. १९६२) हे अमेरिकन मोटार-तंत्रज्ञ, शर्यतपटू आणि उद्योजक होते. स्वतःच्या वापरातील एका जुन्या फोर्ड मोटारीत सुधारणा करत असताना त्यांनी तयार केलेल्या इंजिनच्या सुट्या भागांतून पुढे एक मोठा उद्योग उभा राहिला. अमेरिकेतील हॉट रॉड चळवळीच्या आद्य प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. त्यांचे पुत्रही व्हिक याच नावाने ओळखले जात असल्यामुळे वडिलांचा उल्लेख थोरले व्हिक एडेलब्रॉक असा केला जातो.

हॉट रॉड म्हणजे कारखान्यात तयार झालेली साधी, बहुधा जुनी मोटार घेऊन, तिचे अनावश्यक भाग काढून आणि इंजिनात फेरफार करून बनविलेली वेगवान मोटार होय. अशा मोटारी प्रामुख्याने घरच्या अंगणात किंवा लहान गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातांनी तयार केल्या जात. हा छंद १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात विशेष फोफावला.

प्रारंभिक जीवन

एडेलब्रॉक यांचा जन्म कॅन्सस राज्यातील युडोरा या लहानशा शेतीप्रधान गावी झाला. त्यांच्या वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. इ.स. १९२७ मध्ये हे दुकान आगीत भस्मसात झाले आणि कुटुंबावर आर्थिक संकट कोसळले. वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून व्हिक यांना घराला हातभार लावावा लागला. विचिटा शहरातून फोर्ड कंपनीच्या मॉडेल टी मोटारी आसपासच्या शेतांवर पोहोचविण्याचे काम त्यांनी पत्करले. रस्ते खडबडीत असल्याने मोटारी वाटेत वारंवार बंद पडत. मदतीला कोणी नसे, त्यामुळे दुरुस्ती स्वतःच करावी लागे. यंत्रविद्येचे औपचारिक शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. त्यांची शाळा म्हणजे हाच रस्ता होता.

महामंदीच्या काळात, इ.स. १९३१ मध्ये, ते थोरल्या भावाकडे कॅलिफोर्नियात आले. तेथे एका उंच इमारतीत ग्राहकांच्या मोटारी लावण्याचे काम करीत असताना त्यांची केटी यांच्याशी ओळख झाली. इ.स. १९३३ मध्ये दोघांचा विवाह झाला. सुरुवातीस मेहुण्याच्या भागीदारीत आणि नंतर लॉस एंजेलिसमधील व्हेनिस बुलेव्हार्डवर स्वतंत्रपणे त्यांनी मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालविले. इ.स. १९३६ मध्ये त्यांना पुत्र झाला.

पहिली हॉट रॉड

इ.स. १९३८ मध्ये एडेलब्रॉक यांनी इ.स. १९३२ च्या बनावटीची फोर्ड रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन आसनी मोटार, विकत घेतली. ही निवड अर्थपूर्ण होती. सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन फोर्डने इ.स. १९३२ मध्येच प्रथम बाजारात आणले होते. २२१ घन इंच आकारमानाचे हे इंजिन मूळ स्वरूपात ६५ अश्वशक्ती देत असे. सहा वर्षांनंतर अशा मोटारी जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या आणि कमाई बेताची असलेल्या तरुणांच्या हाती ताकदीचे इंजिन आले.

या इंजिनाला काही उपजत मर्यादा होत्या. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसविलेले होते. हेड सपाट असल्याने त्याला फ्लॅटहेड हे नाव पडले. जळालेला वायू ब्लॉकमधील मार्गांतूनच बाहेर पडत असल्यामुळे इंजिन लवकर तापत असे. शिवाय आठही सिलिंडरना एकाच कार्ब्युरेटरकडून हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण मिळे. वेग वाढताच ते अपुरे पडू लागे. इंजिनाचा श्वासच कोंडलेला होता, आणि तो मोकळा करणे हेच सुधारकापुढील पहिले काम होते.

त्यासाठी कार्ब्युरेटरमधून सिलिंडरपर्यंत मिश्रण वाहून नेणारा नळीवजा ओतीव भाग, म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड, बदलणे आवश्यक होते. एडेलब्रॉक यांनी आधी टॉमी थिकस्टन यांच्यासोबत अशा मॅनिफोल्डवर काम केले. परंतु त्याच्या कामगिरीने त्यांचे समाधान झाले नाही आणि त्यांनी स्वतःच नवी रचना आखली. तिच्यात दोन स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर होते. प्रत्येक कार्ब्युरेटर चार सिलिंडरना मिश्रण पुरवी आणि त्या चारांचे श्वास एकमेकांवर न आदळता ठरावीक अंतराने, आळीपाळीने होत. आकारावरून तिला स्लिंगशॉट, म्हणजे बेचकी, असे नाव मिळाले. अशी सुमारे १०० मॅनिफोल्ड त्या काळात तयार करण्यात आली. एडेलब्रॉक यांच्या नावाने विकले गेलेले हे पहिले उत्पादन होय.

ही रोडस्टर केवळ शर्यतीसाठी राखून ठेवलेली नव्हती. कुटुंबाची रोजची मोटारही तीच होती. पत्नी आणि लहान मुलगा तिच्यातूनच प्रवास करीत. त्यामुळे प्रयोग फसून इंजिन फुटले तर केवळ शर्यत हातची जाणार नव्हती. घरची मोटारच बंद पडणार होती. दुसरीकडे, रोज वापरात असल्यामुळे प्रत्येक बदलाचा परिणाम तत्काळ समजे. गॅरेजमध्ये सुचलेली कल्पना संध्याकाळी रस्त्यावर आणि सुटीच्या दिवशी वाळवंटात तपासली जाई.

कोरड्या सरोवरांवरील शर्यती

लॉस एंजेलिसच्या उत्तरेस मोहावी वाळवंटात मुरॉक, रोझमंड, एल मिराज अशी कोरडी सरोवरे आहेत. त्यांचे सपाट, कठीण तळ वेगाच्या कसोटीसाठी आदर्श ठरले. इ.स. १९३७ मध्ये स्थानिक क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन केली आणि स्पर्धांना शिस्त आली. स्पर्धक आपलीच मोटार चालवीत तेथे जात. पोहोचल्यावर मडगार्ड, दिवे आणि पुढची काच काढून ठेवीत, वेगाची नोंद करीत आणि सर्व भाग पुन्हा बसवून त्याच मोटारीने घरी परतत. धुळीमुळे मागून येणाऱ्याला समोरचे काहीच दिसत नसे, त्यामुळे अपघातही होत.

नोव्हेंबर १९४१ मध्ये रोझमंड सरोवरावर एडेलब्रॉक यांच्या रोडस्टरने ताशी १२१ मैलांहून अधिक (सुमारे १९५ किमी) वेग नोंदविला. पुढच्याच महिन्यात अमेरिका दुसऱ्या महायुद्धात उतरली आणि शर्यती थांबल्या. युद्धकाळात एडेलब्रॉक यांनी लाँग बीच येथील जहाजबांधणी केंद्रात वेल्डिंगचे तसेच विमानांचे भाग बनविण्याचे काम केले. धातुकामातील हा अनुभव पुढे त्यांना उपयोगी पडला.

उद्योगाची उभारणी

युद्ध संपताच घरी परतलेल्या तरुणांच्या हाती थोडा पैसा आणि लष्करात मिळविलेले यांत्रिक कौशल्य होते. हॉट रॉडचा छंद वेगाने पसरला. एडेलब्रॉक यांनी हॉलिवूडमध्ये जागा घेऊन यंत्रशाळा सुरू केली आणि इ.स. १९४६ मध्ये आपल्या उत्पादनांची पहिली सूचीपुस्तिका प्रसिद्ध केली. मॅनिफोल्डसोबत ॲल्युमिनिअमची, अधिक दाब निर्माण करणारी सिलिंडर हेडही तेथे तयार होऊ लागली. इ.स. १९४९ मध्ये व्यवसाय वेस्ट जेफरसन बुलेव्हार्डवरील मोठ्या जागेत हलविण्यात आला. बॉबी मीक्स, फ्रॅन हर्नांडेझ आणि डॉन टोल हे त्यांचे प्रमुख सहकारी होते.

त्यांच्या यंत्रशाळेत इंजिनाची शक्ती मोजणारे डायनॅमोमीटर हे यंत्रही आणण्यात आले. तोपर्यंत बहुतेक सुधारक अंदाजाने काम करीत. आता प्रत्येक फेरफाराचा परिणाम आकड्यांत तपासता येऊ लागला.

मिजेट शर्यती आणि नायट्रोमिथेन

मिजेट या लहान आकाराच्या शर्यती मोटारींच्या क्षेत्रात त्या काळी ऑफेनहाउसर इंजिनाचे वर्चस्व होते. हे इंजिन खास शर्यतीसाठीच घडविलेले आणि महाग होते. एडेलब्रॉक यांनी त्याविरुद्ध फोर्डचे व्ही-८ ६० हे छोटे फ्लॅटहेड इंजिन उतरविले. मूळचे हे इंजिन अवघ्या ६० अश्वशक्तीचे आणि साध्या प्रवासी मोटारीतील होते.

केवळ यांत्रिक बदलांनी ही दरी भरून निघणे कठीण होते. म्हणून एडेलब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नायट्रोमिथेन या इंधनाचे प्रयोग हाती घेतले. या द्रव्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. त्यामुळे ते कमी हवेत जळते, प्रत्येक फेरीत सिलिंडरमध्ये कितीतरी अधिक इंधन घालता येते आणि शक्ती वाढते. मात्र प्रमाण थोडे जरी चुकले तरी पिस्टन वितळून इंजिन निकामी होण्याचा धोका असतो. मिश्रणाचे योग्य प्रमाण प्रयोगांतून निश्चित करण्यात आले आणि ते गुपित ठेवण्यात आले.

१० ऑगस्ट १९५० रोजी लॉस एंजेलिसमधील गिलमोर स्टेडियमवर रॉजर वॉर्ड यांनी एडेलब्रॉक यांची मिजेट मोटार चालवून ऑफेनहाउसर इंजिनांच्या मोटारींना मागे टाकले. दुसऱ्याच रात्री सॅन बर्नार्डिनो येथेही हीच मोटार विजयी ठरली. वॉर्ड यांनी पुढे इंडियानापोलिस ५०० ही प्रतिष्ठेची शर्यत दोनदा जिंकली. त्याच वर्षी युटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या मैदानावर ॲलेक्स झिडिअस आणि डीन बॅचलर यांच्या सो-कॅल स्ट्रीमलायनर मोटारीने ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. तिचे इंजिन एडेलब्रॉक यांच्या यंत्रशाळेत सिद्ध झाले होते.

अखेरचा काळ

इ.स. १९५५ मध्ये शेव्हरोले कंपनीने वजनाने हलके आणि वरच्या बाजूस व्हॉल्व्ह असलेले नवे व्ही-८ इंजिन आणले. फ्लॅटहेडचे दिवस संपत आल्याचे ते चिन्ह होते. ज्या इंजिनावर आपली कीर्ती उभी राहिली त्यालाच चिकटून न राहता एडेलब्रॉक यांनी नव्या इंजिनासाठी मॅनिफोल्ड तयार करण्यास प्रारंभ केला. त्यांच्या व्यवसायाच्या पुढील वाटचालीत हा निर्णय मोलाचा ठरला. तथापि त्याची पूर्ण फळे पाहण्यास ते राहिले नाहीत. इ.स. १९६२ मध्ये वयाच्या ४९व्या वर्षी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

वारसा

वडिलांच्या निधनाच्या वेळी धाकटे व्हिक २६ वर्षांचे होते. त्यांनी व्यवसायाची सूत्रे हाती घेऊन त्याचा मोठा विस्तार केला. थोरल्या एडेलब्रॉक यांची इ.स. १९३२ ची रोडस्टर पुढे मूळ रूपात सिद्ध करून जतन करण्यात आली. आपल्या गरजेपुरता घडविलेला भाग इतरांनाही पुरविणे ही त्यांच्या उद्योगाची मूळ कल्पना होती. ज्यांच्याकडे यंत्रशाळा नव्हती, अशा असंख्य हौशी कारागिरांना त्यामुळे घरच्या घरी आपली पहिली हॉट रॉड उभी करणे शक्य झाले.