हिंदुरावांचा पाहुणचार आणि निळूभाऊंचे दहा रुपये

ज्यांचा जन्म दोन हजार सालानंतरचा आहे, अशा आपल्या वस्त्यांतल्या मुलांना निळू फुले बहुतेक नकलेतून माहीत असतात. गॅदरिंगमध्ये कुणीतरी टोपी तिरपी करतो, आवाज घोगरा करतो, एक डोळा बारीक करतो आणि समोरचे हसतात. सिनेमा मात्र त्यांतल्या फार थोड्यांनी पाहिलेला असतो. निळूभाऊ १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगाने गेले, त्यालाही आता बराच काळ लोटला. चळवळीत काम करणाऱ्या तरुणांनी हा माणूस नकलेपलीकडे ओळखावा असे आम्हाला वाटते, आणि त्याचे कारण त्यांच्या एका भूमिकेत आहे. पण आधी माणूस.

नीळकंठ कृष्णाजी फुले यांचा जन्म १९३० सालचा, पुण्याचा. घरची परिस्थिती बेताची, भावंडे बरीच. वयाच्या सतराव्या वर्षी ते पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून कामाला लागले. आडनाव फुले आणि हातात माळ्याची कुदळ, हा योगायोग आपल्या वाचकांना वेगळा सांगायला नको. पगार महिना ऐंशी रुपये. त्यातले दहा रुपये ते दर महिन्याला राष्ट्र सेवा दलाला देत. स्वतःची रोपवाटिका काढायची इच्छा होती, पण भांडवलाअभावी ती राहून गेली. म्हणजे स्वतःच्या धंद्याला पैसा नाही आणि संघटनेला मात्र पगाराचा आठवा हिस्सा. आज कार्यकर्त्यांच्या बैठकीत वर्गणीचा विषय निघाला की काय होते, ते आपण सगळे जाणतो. म्हणून हा हिशेब इथे मुद्दाम मांडला.

सेवा दलाचे कलापथक हीच त्यांची नाट्यशाळा. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हे वगनाट्य लिहिले. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधल्या कामाने त्यांच्याकडे लोकांचे लक्ष गेले आणि शंकर पाटलांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ने त्यांचे नाव गावोगाव पोचवले. जोडीला राम नगरकर होते. वगनाट्यात नटाला लपायला जागा नसते. पडदा नाही, नेपथ्य नाही, समोर बसलेला शेतकरी दिवसभर राबून आलेला असतो. त्याला पटले नाही तर तो उठून जातो. निळूभाऊंचा अभिनय या माणसाच्या नजरेखाली घडला. म्हणून त्यांच्या बोलण्यात पुस्तकी शब्द कधी अडकला नाही.

१९६८ साली अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेलेअण्णा आला आणि सिनेमाचा रस्ता खुला झाला. त्यानंतर त्यांच्या वाट्याला एकच माणूस वेगवेगळ्या नावांनी येत राहिला: गावचा पाटील, सरपंच, सावकार, साखर कारखान्याचा चेअरमन. पांढरे कपडे, टोपी, बोलण्यात आदब आणि नजरेत हिशेब. बायाबापड्यांना त्यांचा खराखुरा राग येई. खेड्यात प्रयोगाला किंवा कार्यक्रमाला गेले तर बायका त्यांच्यापासून चार हात लांब राहत. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया आजही टीव्हीवर त्यांचा जुना सिनेमा लागला की बोटे मोडतात. नटाला याहून मोठी पावती नाही, पण माणसाला ती आयुष्यभर सोसावी लागते, हेही खरे.

रंगभूमीवर १९७२ साली विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ आले. दिग्दर्शक कमलाकर सारंग. टाकून दिलेल्या बायकांना घरी आणून आपल्या अटींवर ठेवणारा सखाराम निळूभाऊंनी उभा केला. नाटकावर गदारोळ झाला, सेन्सॉरने कात्री उगारली, प्रकरण कोर्टात गेले. यातली एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. सखाराम जातीने ब्राह्मण आहे, आणि तो उभा करायला निवडला गेला तो वगनाट्यातून आलेला, एकेकाळी माळीकाम केलेला नट. मध्यमवर्गीय नाट्यगृहाच्या सवयीला हा एक धक्काच होता.

आता ‘सामना’कडे येऊ. हा लेख खरे तर त्यासाठीच आहे.

‘सामना’ १९७४ चा. निर्माते रामदास फुटाणे, लेखन तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. पुढे २००० साली ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ हा चित्रपट केला तेच जब्बार पटेल. १९७५ साली ‘सामना’ बर्लिनच्या महोत्सवात गेला. काळ लक्षात घ्या: दलित पँथरची स्थापना होऊन दोनच वर्षे झालेली, गावोगाव अत्याचाराच्या बातम्या, आणि ग्रामीण महाराष्ट्रात सहकाराच्या आधाराने नवे संस्थानिक तयार झालेले.

गोष्ट साधी आहे. हिंदुराव धोंडे-पाटील हे गावाचे सर्वेसर्वा. कारखाना त्यांचा, संस्था त्यांच्या, माणसेही त्यांचीच. त्या गावात एक दारुडा, भरकटलेला मास्तर येऊन पडतो. एकेकाळी गांधींच्या मागे गेलेला, आता कशावरच विश्वास न उरलेला. हे काम डॉ. श्रीराम लागू यांचे. हिंदुराव त्याला उचलून आपल्या घरी नेतात, खाऊपिऊ घालतात, दारूही पुरवतात. आणि मग मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते. मारुती कांबळे सैन्यातून गावात परतलेला. हिंदुरावांसमोर मान न झुकवणारा. आणि आता गावात नसलेला. त्याचे पुढे काय झाले, एवढाच प्रश्न मास्तर विचारू लागतो. सकाळी विचारतो, पिऊन विचारतो, चारचौघांत विचारतो. प्रश्न हळूहळू गावभर होतो आणि हिंदुरावांची सत्ता त्या एका प्रश्नापुढे ढासळू लागते.

या चित्रपटात निळूभाऊ काय करतात ते नीट पाहा. दुसऱ्या एखाद्या नटाने हिंदुराव मिशीला पीळ देऊन, डोळे वटारून रंगवला असता. निळूभाऊ आवाज खाली ठेवतात. मास्तरशी अदबीने बोलतात. त्याच्या जेवणाची, झोपण्याची चौकशी करतात. प्रश्न ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर राग येत नाही. आधी क्षणभर थांबणे येते, मग हसू, मग विषय बदलणे. खुनाची छाया असलेला माणूस इतका घरगुती वाटतो, ही या कामाची भीती आहे. आणि शेवटाकडे तर त्यांनी हिंदुरावात एक एकटेपण आणले आहे, ज्याने प्रेक्षकाला त्याची क्षणभर कीव येते. आमच्यातल्या काही कार्यकर्त्यांना ही कीव आवडत नाही. मेलेला आमचा माणूस आणि दया मारणाऱ्याची, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे आम्हाला टाकाऊ वाटत नाही. कांबळे या आडनावातून आपल्याला जे कळायचे ते कळते, पण चित्रपटाचा बहुतेक वेळ हिंदुराव आणि मास्तर यांच्याकडेच आहे. मारुतीच्या वस्तीत, त्याच्या माणसांच्या मनात काय चालले असेल, तिथे कॅमेरा फारसा रेंगाळत नाही. प्रश्न विचारणाराही बाहेरून आलेला. १९७४ च्या मराठी सिनेमाची ही मर्यादा होती आणि ती नोंदवायलाच हवी.

तरीही हा चित्रपट आम्ही आमच्याकडच्या मुलांना पुन्हा पुन्हा दाखवतो. कारण हिंदुराव शेगाव तालुक्यातही राहतात. आमच्याकडे ऊस नाही, कापूस आणि सोयाबीन आहे. त्यामुळे ते कारखान्याऐवजी बाजार समितीत, शिक्षण संस्थेत, ठेकेदारीत सापडतात. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही प्रभुत्वशाली जात ही संकल्पना शिकलो होतो. तिचा चेहरा मात्र आम्हाला निळूभाऊंनी दाखवला. वस्तीवर मारहाण झाली, ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायची ठरली, की पहिल्या दिवशी धमकी क्वचितच येते. आधी चहाचे बोलावणे येते. घरातल्या आजारी माणसाची विचारपूस होते. पोराच्या नोकरीचा विषय निघतो. विहाराच्या बांधकामाला सिमेंट देऊ केले जाते. चारचौघांत आपल्या कार्यकर्त्याला साहेब म्हटले जाते. आणि महिन्याभराने साक्षीदाराला काही आठवेनासे होते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा ‘सामना’नंतर पंधरा वर्षांनी आला, पण तो कसा बोथट होतो याचे चित्रण त्याआधीच पडद्यावर झालेले होते.

मास्तरची अडचणही नीट समजून घ्यायला हवी. त्याला प्रश्न पडतो तेव्हा तो हिंदुरावांच्याच घरात, त्यांच्याच पैशाची दारू पीत असतो. ज्याच्या ताटात जेवायचे त्यालाच मेलेल्या माणसाचा हिशेब विचारायचा. ज्यांनी पूर्णवेळ काम केले आहे त्यांना हा पेच चांगलाच ठाऊक आहे. लग्न झाले, मूल झाले, घरभाडे थकले, की चळवळीतल्या चांगल्या माणसाला कुणीतरी हिंदुराव आसरा देतोच.

‘सामना’नंतर पाच वर्षांनी, १९७९ साली, हीच मंडळी ‘सिंहासन’ घेऊन आली. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. या वेळी निळूभाऊ सत्तेच्या दुसऱ्या बाजूला होते: पत्रकार दिगू टिपणीस. सगळे डावपेच पाहणारा, सगळे समजणारा, आणि शेवटी रस्त्यावर खुळ्यासारखा हसत सुटणारा. जो माणूस वर्षानुवर्षे खुर्चीवर बसलेला दाखवला गेला, त्याने खुर्चीकडे बघून वेडे होणाऱ्याचेही काम तितक्याच सहजपणे केले. हिंदीत ‘कुली’, ‘मशाल’ आणि ‘सारांश’ केले. ‘सारांश’मधला पुढारी गजानन चित्रे हा हिंदुरावांचा मुंबईत गेलेला भाऊच म्हणावा असा आहे. बाकी हिंदीने त्यांचा फारसा उपयोग करून घेतला नाही, आणि मराठीनेही कितीतरी सामान्य चित्रपटांत त्यांना तेच तेच करायला लावले. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

या सगळ्या काळात सेवा दलाला दहा रुपये देणारा माळी सुटला नव्हता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाला त्यांची उघड साथ होती. आमच्यासारख्या देवस्थानाच्या गावात, जिथे गर्दी हाच अर्थव्यवहार आहे, तिथे हे काम करणाऱ्याला लोकप्रिय नटाच्या साथीचे मोल कळते. लोकप्रियता गमावण्याची भीती नटाला सर्वांत जास्त असते.

आणि १९८० च्या दशकात त्यांनी जे केले ते ‘सामना’ पाहिलेल्याने विसरू नये. डॉ. बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. श्रीराम लागू आणि निळूभाऊ यांच्या पुढाकारातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. कल्पना अशी की पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्याला दर महिन्याला मानधन मिळावे, त्याला कुणाच्या दारात उभे राहायला लागू नये. निधीसाठी मराठीतल्या नामवंत नटांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग महाराष्ट्रभर केले. तिकीटविक्रीचा पैसा निधीत गेला. म्हणजे पडद्यावर ज्या दोघांनी हिंदुराव आणि त्यांच्या अन्नावर जगणारा मास्तर उभे केले, तेच दोघे पुढे गावोगाव नाटक करत फिरले, ते अशासाठी की कुठल्याही मास्तरला हिंदुरावांच्या घरी राहायची वेळ येऊ नये. हे त्यांनी ठरवून, ‘सामना’ डोक्यात ठेवून केले असे आम्ही म्हणत नाही. पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की लख्ख दिसतात.

शेवटच्या काळात, आजारपणाच्या आधी, त्यांनी ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’त काम केले. विषय शेतकऱ्यांच्या आत्महत्या, म्हणजे आमच्या विदर्भाचाच. तो त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला.

पिंपळे गुरवला त्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. यंदाच्या १३ जुलैला जमले तर विहारात पडदा लावा आणि ‘सामना’ लावा. चित्रपट संपल्यावर भाषण नको. फक्त मुलांना आपल्या तालुक्यातल्या मारुती कांबळेंची नावे विचारा, आणि त्यांच्या खटल्यांची पुढची तारीख कुणाला माहीत आहे का तेही.