उपचाराला होकार कसा मिळतो? जामखेडच्या डॉ. मेबल आरोळे यांनी काय केले, वाचा

दाताची रूट कॅनल सुचवली की अनेक रुग्ण घरी विचारून येतो म्हणून जातात आणि ठणका असह्य होईपर्यंत फिरकत नाहीत. असे रुग्ण होकार कधी देतात, हे जामखेडने ५० वर्षांपूर्वीच दाखवून दिले.

कोण होत्या डॉ. आरोळे?
जन्म १९३५, जबलपूर. वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला. पती डॉ. रजनीकांत यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी जामखेडमध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

अडचण काय होती?
औषध असूनही लोक कचरत. कुष्ठरोग पापाचे फळ समजून लपवला जाई.

मार्ग कसा निघाला?
गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. अनेक जणी निरक्षर, दलित. जामखेडला शिकून त्या गावात परतत आणि आजार कशाने होतो, औषध कशासाठी, हे गावच्या बोलीत सांगत. सांगणारी ओळखीची असल्याने शंका विचारायला भीड नसे. गर्भवती तपासणीला येऊ लागल्या, मुलांना लस मिळू लागली, कुष्ठरुग्ण उपचार घेऊ लागले.

या दाम्पत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डॉ. मेबल यांचे १९९९ मध्ये निधन झाले.

आज काय शिकावे?
डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून कीड कुठवर गेली ते समजवावे. खर्च आणि दुसरा पर्याय आधीच सांगावा. रुग्णाने विचार करायला वेळ मागितला, तर तोही द्यावा.