पाइपच्या स्पीकरमागचा फौजी डॉक्टर
पीव्हीसी पाइपचा उरलेला तुकडा, त्यात स्पीकर आणि एका भोकात छोटी नळी. भंडाऱ्यातल्या बपेऱ्यात बनवा नाहीतर पुण्यात, बेस घुमवते ती नळीच!

हे गणित हेरमान हेल्महोल्ट्झ यांचं. जन्म १८२१, जर्मनीतलं पॉट्सडॅम. शिकायचं होतं भौतिकशास्त्र, पण मास्तर असलेल्या वडिलांकडे पैसे नव्हते. मग सरकारी खर्चानं डॉक्टरी शिकले, बदल्यात फौजेत नोकरी. १८५१ मध्ये डोळ्याच्या आत बघायचं यंत्र दाखवलं, पण भौतिकशास्त्राचा नाद सुटला नाही. पोकळ गोळे कानाला लावून ते एकेक सूर वेगळा ऐकायचे. पोकळी मोठी केली किंवा तोंडाची नळी लांबवली, की सूर खर्जात उतरतो. हे सगळं १८६३ च्या पुस्तकात आलं.

१८९४ मध्ये ते गेले, तेव्हा लाऊडस्पीकर बाजारात आलाच नव्हता.